मुद्राराक्षस: तो की ते?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या कार्यकर्त्याने विचारलं आहे: "आमच्या स्मरणिकेत 'देणगीदारांची यादी'च्या जागी 'देणेदारांची यादी' छापून आलं. ज्यांनी पैसे दिले तेच कर्जबाजारी ठरले. दिलगिरीच्या पत्रकात आम्ही 'मुद्राराक्षसाच्या कृपेने' असं लिहिलं, तर ओळखीतले एक निवृत्त सर म्हणाले, 'मुद्राराक्षस हे संस्कृत नाटक आहे, छपाईशी त्याचा काय संबंध?' खरं काय? आणि मोबाइलवर टाइप करताना चुकलं, तर तोही मुद्राराक्षसच का?"

सरांचं निम्मं बरोबर आहे. 'मुद्राराक्षस' हे विशाखदत्ताचं सात अंकी नाटक. त्यातला राक्षस शिंगंबिंगं असलेला नाही. नंद राजाच्या एकनिष्ठ अमात्याचं ते नाव. मुद्रा म्हणजे त्याच्या नावाची अंगठी, जी उमटवून पत्रावर शिक्का करायचा. या मुद्रेने पकडीत आलेला राक्षस, असा तो समास सोडवतात.

ती अंगठी चाणक्याच्या हाती कशी लागते, तो प्रसंग मला फार आवडतो. राक्षसाची बायको चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी लपलेली असते. त्या घरात शिरून चाणक्याचा हेर यमाची चित्रं दाखवत गाणी म्हणत असतो. ती बघायला पोर बाहेर धावतं, आई त्याला आत ओढते, आणि पुरुषाच्या बोटाची ती सैल अंगठी निसटून हेराच्या पायाशी येते. मग चाणक्य एक पत्र तयार करवतो. अक्षर राक्षसाच्याच मित्राचं, शकटदासाचं. आपण काय लिहून देतोय याचा त्याला पत्ता नाही. शिक्का राक्षसाचा, तोही अस्सल. खोटा फक्त मजकूर. तेवढ्याने चंद्रगुप्ताला हटवण्याचा राक्षसाचा सगळा डाव कोसळतो.

आता मराठीने काय केलं बघा. 'मुद्रा' म्हणजे शिक्का आणि 'मुद्रण' म्हणजे छापणं, हे एकाच घरचे शब्द. ('छाप' आणि 'छापखाना' यांचं नातंही तसंच.) छापखाना आला, त्याच्याबरोबर छपाईच्या चुका आल्या, आणि नाटकाचं आयतं नाव समोर होतं. मुद्रणातला राक्षस! समास नव्याने सोडवला, अमात्याचा असुर झाला. संस्कृतच्या दृष्टीने ही गंमत म्हणा, पण मराठीत शब्द पक्का रुजला आहे आणि तो चूक नाही. जर्मन लोकही छापील चुकांसाठी अशाच एका सैतानाला धरतात, 'ड्रुकफेलरटॉयफेल' म्हणतात त्याला. आपला उच्चारायला सोपा आहे एवढंच.

फरक लिंगाने कळतो. नाटक असेल तर 'ते मुद्राराक्षस', चूक असेल तर 'तो मुद्राराक्षस'. आणि तो कायम एकवचनी. पानावर पन्नास चुका असल्या तरी 'मुद्राराक्षसांनी घोळ घातला' असं कोणी लिहीत नाही. त्याच्या नावापुढे शब्दही ठरलेले येतात: कृपा, प्रताप, लीला, विनोद. म्हणजे ज्याला तो लावायचा त्या चुकीवर हसता आलं पाहिजे. सरकारी आदेशात आकडा चुकला तर शुद्धिपत्रक निघतं, तिथे राक्षसाला प्रवेश नाही.

कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालापासूनचं. अशा वाचनालयात जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी शुद्धिपत्र उघडतो. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. त्यावरून छापखान्यात काय चाललं होतं त्याचा अंदाज येतो. खिळ्यावरचं, म्हणजे धातूच्या सुट्या ठशावरचं, अक्षर उलटं. ते खिळे लावणारा कामगार, म्हणजे जुळारी, ते उलटंच वाचत जुळवणार. छपाई झाली की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकायचे. तेव्हा 'घ' चुकून 'ध'च्या कप्प्यात पडला, की पुढच्या पुस्तकात 'घर'चं 'धर' होणार. भ-म, थ-य यांचंही तेच. जुन्या वळणाचा 'ख' तर 'रव' असा सुटा दिसे, 'खाना' आणि 'रवाना' यांत नजर हमखास फसे. शिवाय उकार-वेलांटीचे नाजूक तुकडे दाबाखाली मोडायचे. मुद्रित (प्रूफ) तपासताना शाबूत असलेला उकार शंभराव्या प्रतीत गायब. खिळे जुळवण्यात उमर घालवलेल्या एका आजोबांना मी एकदा या राक्षसाबद्दल विचारलं होतं. म्हणाले, "राक्षस कसला वो, चष्म्याचा नंबर वाढलेला असायचा."

छापखान्याआधीच्या नकलनविसांकडे असा राक्षस नव्हता, म्हणून ते पोथीच्या शेवटी स्वतःच हात वर करत: 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया'. जसं दिसलं तसं उतरवलं, मला दोष देऊ नका.

यात 'ध चा मा' मात्र मिसळू नका. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याआधी 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं अशी आख्यायिका आहे. ते जाणूनबुजून केलेलं काम. मुद्राराक्षसाच्या मनात काहीच नसतं.

आता मोबाइल. माझी कसोटी अशी: लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये तिसरा हात हवा. पूर्वी तो जुळाऱ्याचा होता, आज संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याचा आहे. तुम्ही नीट लिहिलेला शब्द फोनने आपल्या अकलेने बदलला, तर तिथेही तो आहे. खुशाल मुद्राराक्षस म्हणा. पण आपलंच बोट चुकीच्या कळीवर पडलं तर तो टंकनदोष. आणि 'आशीर्वाद'मध्ये शी ऱ्हस्व लिहायची आपली सवयच असेल, तर ते शुद्धलेखन. त्याचं बिल राक्षसाच्या नावावर फाडू नये.

तेव्हा स्मरणिकेसाठी छापखान्यात पाठवलेली मूळ फाइल उघडून बघा. तिच्यात 'देणगीदार' असेल तर तुमचं पत्रक आहे तसं राहू द्या, सरांना नाटकाची गोष्ट सांगा. तिच्यातच 'देणेदार' असेल तर 'आमच्या हातून चूक झाली' असं सरळ लिहा. आणि ते पत्रक छापायला जाण्याआधी सरांनाच वाचायला द्या.