कानबाईची गाणी येतात, सुनेचं नाव येत नाही

स्मृतिभ्रंश झालेली माणसं आणि त्यांना सांभाळणारे घरचे यांनी आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून गावं, असं मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, अल्झायमर आहे. मला ‘ए बाई’ म्हणून हाक मारतात, जेवलेलं दहा मिनिटांत विसरतात. पण श्रावणात घरी कानबाई देवी बसली तेव्हा एकेक गाणं न चुकता म्हटलं. नणंद म्हणते, ‘आईला सगळं समजतं, तुझ्यासमोर नाटक करते.’ खरं काय? (चोपडा)

नाटक नाही. हे उत्तर नणंदबाईंना जरूर वाचायला द्या. अल्झायमर मेंदूचे सगळे भाग एका वेगाने पोखरत नाही. नव्या घटना साठवणारा हिप्पोकॅम्पस लवकर सापडतो, म्हणून आत्ताचं जेवण पुसलं जातं. जुन्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेली दिसते, ते बरेच उशिरापर्यंत तग धरतात. जर्मनीत लायपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली मेंदूच्या प्रतिमांवरून हे दाखवून दिलं. शिवाय गाण्यात एक ओळ दुसरीला ओढून आणते, ठेका पुढचा शब्द तोंडात आणून ठेवतो. सुनेच्या नावाला असा कुठलाच आधार नसतो.

वयाचीही एक गंमत आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत पक्क्या बसतात. माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर म्हटलेली गाणी, सासरी पहाटे जात्यावर म्हटलेल्या ओव्या हे सगळं त्याच वयातलं. तुम्ही त्यांच्या आयुष्यात आलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा नाव विसरल्याचं मनाला लावून घेऊ नका. कधी ओवी सुरू करून त्यांच्या हाताकडे बघा. बऱ्याच बायांचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरायला लागतो, खुंटा धरल्यासारखा. अशा वेळी ‘मी कोण, सांगा बरं?’ असली परीक्षा घेऊ नका. सोबत गा. आणि वर्षातून एकदा येणाऱ्या कानबाईची वाट कशाला बघायची? मंगळवारी दुपारीही म्हणता येतात ती गाणी.

प्रश्न : रोज गायल्याने वडिलांची स्मरणशक्ती परत येईल का? (शहादा)

नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या संगीतोपचाराच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. संगीताने उदासी कमी होण्याची शक्यता बरी दिसली, बुद्धी-स्मृतीवर मात्र फारसा फरक दिसला नाही. औषधं चालू ठेवा. गाणं हे सोबतीसाठी आहे.

प्रश्न : माझे यजमान चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवत. आता ताल चुकतो, एकच कडवं परत परत धरतात. मंडळाने ‘काकांना घरीच राहू द्या’ असं सुचवलं. तेव्हापासून ते ओट्यावर नुसते बसून असतात. वेगळा गट काढता येईल का? (अमळनेर तालुका)

येईल, पण आधी मंडळाशी एकदा बोला. स्पर्धेची किंवा सप्ताहाची तयारी असेल त्या दिवशी नको, पण रोजच्या हरिपाठाला एक टाळ मागेपुढे झाला तर विठोबा काही रागावत नाही. मंडळींना आजार माहीत नसतो, अवघडल्यासारखं होतं, एवढंच असतं बरेचदा.

वेगळा गट काढायचा तर पाच-सहा घरं पुरेत. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटी ‘सिंगिंग फॉर द ब्रेन’ नावाने असे वर्ग चालवते. तिथे रुग्णाला दारात सोडून जायचं नसतं, सांभाळणाराही शेजारी बसून गातो. आपल्याकडे मंदिराचा सभामंडप आहे, सतरंजी आहे, पेटीवाला कुणीतरी सापडतोच. वेळ सकाळची धरा, कारण संध्याकाळी अशा माणसांचा गोंधळ वाढतो. आणि आपल्या मे महिन्यात नऊच्या आत आटोपतं घ्या. पाऊण तास खूप झाला. खाली बसणं जमत नसेल तर खुर्च्या गोल मांडा, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसतील. खडखडणारा पंखा बंद, माईक अजिबात नको, ढोलकी बेताने. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे ना आणि त्यातली बॅटरी चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बघा. गट जमत नाही म्हणून तक्रार येते, तिथे कधी कधी कारण एवढंच निघतं.

पेटीवाल्याला पट्टी एक-दोन सूर खाली घ्यायला सांगा. म्हातारपणी वरचा सूर लागत नाही आणि माणूस गप्प बसतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं, ही आपली जुनी रीतच उत्तम. शब्द विसरणारालाही धृपद धरता येतं. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दर आठवड्याला तेच ठेवा. काकांच्या हातात टाळ द्याच. चुकू दे.

एक मात्र लक्षात असू द्या. नेहमी गुणगुणणारा माणूस दोन दिवसांत एकाएकी गप्प झाला, झोपाळू झाला किंवा भलतंच बरळू लागला, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन गोळी यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : भावाने आईला ब्लूटूथ स्पीकर पाठवलाय. दिवसभर अभंग चालू असतात. तेवढं पुरे ना? (धुळे)

दिवसभर नको. न थांबणारं गाणं काही वेळाने गोंगाट होतं, आणि आईला तो बंदही करता येत नाही. अर्धा तास लावा, शेजारी बसा, तुम्हीही म्हणा. भावाला व्हिडिओ कॉलवर एक अभंग म्हणायला सांगा. स्पीकरपेक्षा ते स्वस्त आहे.

प्रश्न : आजी अहिराणीतली लग्नाची गाणी म्हणताना रडते. थांबवावं का? (पारोळा)

लगेच नको. रडणं म्हणजे त्रासच असं नाही. श्वास संथ असेल, हात तुमच्या हातात असेल, गाणं चालू असेल, तर रडू द्या. तोंड फिरवलं, उठायला लागली, हात झटकला, तर ते गाणं सोडा आणि आखाजीचं एखादं खेळकर गाणं धरा. ‘का रडते?’ विचारू नका, तिला कारण सांगता येणार नाही. ‘बठ वं माय’ म्हणून जवळ बसा. प्रमाण मराठीपेक्षा ते तिला लवकर पोचेल. कुठल्या गाण्याला कुणाच्या जाण्याची आठवण चिकटली आहे, हे जुन्या नातेवाइकांकडून विचारून ठेवा आणि ते गाणं वगळा. गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा, घरात दुसऱ्या कुणाला येत नसतील.

प्रश्न : तुम्ही सगळं रुग्णाबद्दल सांगता. मी सहा वर्षं नवऱ्याला सांभाळतेय. लग्नकार्याला जाणं सुटलं, मैत्रिणी येईनाशा झाल्या. मला गाताही येत नाही. मी काय करू? (भुसावळ)

रागावलात ते बरोबर आहे. फिनलंडमध्ये रुग्ण आणि सांभाळणारे अशा ८९ जोड्यांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जोड्यांना दहा आठवडे गाण्याचे वर्ग दिले होते. त्यांतल्या सांभाळणाऱ्यांनाही बरं वाटू लागलं. म्हणून सांगते, गटात तुम्ही त्यांना ‘घेऊन’ जाऊ नका, स्वतःसाठी जा. सूर लागला नाही तरी चालेल, टाळ्या वाजवा. गाणं संपल्यावर चहाला अर्धा तास थांबा. तिथे बसलेल्या दुसऱ्या बाईला रात्री तीनला दार उघडून निघालेल्या नवऱ्याबद्दल समजावून सांगावं लागत नाही. तेवढा वेळ त्यांच्यावर नजर ठेवायला गटातल्याच एकाला आळीपाळीने नेमा.

आणि मुलाला किंवा दिराला आठवड्यातली एक दुपार ठरवून मागा. ‘जमेल तेव्हा ये’ म्हणू नका, वार आणि वेळ सांगा. अगदीच कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. आजच फोन केलात तरी चालेल.