पहिल्या बॉल पायथन माद्या कशा निवडाव्यात?

बॉल पायथन या पाळीव अजगराची पिल्लं काढायची आहेत, तुमच्याकडे पास्टेल क्लाउन (ही रंग-नक्षीच्या प्रकारांची, म्हणजे मॉर्फची नावं) नर आहे, हजारेक डॉलर बाजूला काढलेत आणि 'प्रूव्हन', म्हणजे आधी अंडी दिलेली म्हणून विकली जाणारी एक मोठी मादी घ्यावी की तीन पिल्लं, यात अडकलात. मी दोन्ही घेणार नाही. सात-आठशे ग्रॅमच्या, नीट खाणाऱ्या दोन हेट क्लाउन (क्लाउनचा जीन एकाच बाजूने आलेल्या, दिसायला साध्या) माद्या घेईन.

का, ते सांगतो. नर वर्ष-दीड वर्षात, सहा-सातशे ग्रॅमला कामाला येतो. चुकला तर बदलता येतो, शिवाय एकच नर तीन-चार माद्यांना पुरतो. मादीला मात्र तीन वर्षं लागतात. क्लाउन रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्हीकडून जीन आला तरच रंग दिसणार. तुमचा नर साध्या मादीला लावला तर सगळी पिल्लं हेट होतील, दिसायला क्लाउन एकही नाही. त्यांतल्या माद्या वाढवून पुन्हा बापाला लावायच्या, म्हणजे आणखी तीन वर्षं गेली. तीच मादी हेट असली तर सरासरी निम्मी पिल्लं पहिल्याच क्लचमध्ये, म्हणजे अंड्यांच्या पहिल्याच खेपेत, क्लाउन निघतात. म्हणून पैसे जीनवर घालायचे असतील तर मादीतल्या रिसेसिव्ह जीनवर घाला. पास्टेलसारखे एका बाजूने आले तरी दिसणारे जीन नराकडून कधीही आणता येतात. '66 टक्के हेट' लिहिलेली स्वस्तात मिळते, पण त्याचा अर्थ तिघींतल्या दोघीच खऱ्या. आता टाकलेली कात लॅबला पाठवून क्लाउनची चाचणी करता येते. विकणाऱ्याला ती करू द्या, नाहीतर तेवढी किंमत उतरवून मागा.

मोठ्या मादीचा अनुभव मी घेतलाय. डॅलसजवळ राहायला आल्यावर सापांच्या एका एक्स्पोत 1,900 ग्रॅमची मादी उचलली. गेल्या हंगामात सहा अंडी दिली म्हणे. घरी आल्यावर पाच महिने तिने तोंड उघडलं नाही. ती जिवंत रॅटवर वाढलेली, आणि माझ्याकडे फ्रीझरमधले. रॅट गरम पाण्यात सोडवायचा, हेअर ड्रायरने त्याचं डोकं तापवायचं, चिमट्यात धरून तिच्यासमोर नाचवायचा, मग ती मान फिरवून खोक्यात जायची. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा. त्या खोलीत पाऊल टाकायची नाही, पण रोज संध्याकाळी विचारायची, "तुझ्या बाई जेवल्या का रे?" बाई 1,500 वर आल्या आणि तो हंगाम गेला. निरोगी मोठा साप एवढ्यात उपाशी मरत नाही, पश्चिम आफ्रिकेतला हा प्राणी महिनोन्महिने न खाता राहतो. पण अंडी वजनातून येतात. एक अंडं साधारण 80 ते 100 ग्रॅमचं, म्हणजे सहा अंडी साधारण अर्धा किलो. म्हणून मादी नराला लावायला लोक 1,500 ग्रॅम पुरे म्हणतात तिथे मी 1,700 होईपर्यंत थांबतो, आणि तेही तिसरा हिवाळा आल्यावर. रॅट कोंबून दीड वर्षात 1,500 करता येतं, पण तशी मादी मला नको. भरवशाची अंडी देणारी मादी माणूस सहजासहजी विकत नाही. विकत असेल तर का, ते आधी विचारा.

बघायला जाल तेव्हा साप हातावर घ्या आणि अंगठा मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून सावकाश फिरवा. गाठ किंवा वाकडेपणा हाताला लगेच कळतो. मग तिला कानाजवळ धरा. श्वासात घरघर, तोंडाच्या कडेला बुडबुडे किंवा तार धरणारी लाळ असेल तर ती परत करा, कितीही सुंदर असो. डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके म्हणजे माइट्स, रक्त पिणारे बारीक किडे. मादी आहे हे समोर पॉप करून (शेपटीच्या मुळाशी दाबून) किंवा प्रोब (बारीक सळई) घालून दाखवायला सांगा, 'मादी' म्हणून नर गळ्यात पडलेले बरेच जण भेटतील. जेवणाची नोंद मागा: शेवटची दहा जेवणं, तारखेसह, गोठवलेलं की जिवंत. नोंदच नाही म्हणणाऱ्याकडून मी घेत नाही.

मॉर्फमध्ये स्पायडर टाळा. डोकं थरथरणं, तोल जाणं हे त्या जीनबरोबरच येतं. 2022 मध्ये सीटी स्कॅनवर या सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली दिसली. शँपेन त्याच पठडीतला. डेझर्टची मादी तर घेऊच नका, अंडी अडकतात. 'कॅप्टिव्ह हॅच्ड' आणि 'कॅप्टिव्ह ब्रेड' यांतला फरकही लक्षात ठेवा. पहिलं म्हणजे बहुतेक वेळा घाना, टोगो किंवा बेनिनमधल्या रानातल्या गाभण मादीची अंडी उबवून निघालेलं पिल्लू, दुसरं पाळलेल्या जोडीचं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की हा साप साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी जवळ असणं, दुसऱ्याला देणं, पिल्लं होणं, मरणं, सगळ्याची नोंद करावी लागते. आणि आपला भारतीय अजगर त्याच कायद्याच्या अनुसूची 1 मधला, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोघी घरी आल्या की नव्वद दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, नराच्या रॅकजवळसुद्धा नाही. चिमटे, पाण्याची भांडी वेगळी, आणि आधी जुन्यांचं काम, मग नव्यांचं. त्याच काळात निडोव्हायरससाठी (अजगरांच्या श्वसनमार्गाचा विषाणू) स्वॅब पाठवून द्या. पहिला आठवडा हात लावू नका, दहाव्या दिवशी लहानसा रॅट द्या. ऑर्डर कुरियरने येणार असेल तर टेक्ससच्या ऑगस्टमध्ये मागवू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा. तोवर किराणा तोलतो तसला एक डिजिटल काटा घेऊन ठेवा, पाच किलोपर्यंतचा पुरतो.