दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

प्रश्न : माझी भाची १६ वर्षांची, दहावीत आहे. उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. मार्चमध्ये बाळंतपण आहे. मुख्याध्यापक म्हणतात, 'गुपचूप दाखला न्या, नाहीतर पोलिसांत कळवावं लागेल.' काय करू?

उत्तर : ताई, तिच्या आईला आजच सांगा, शाळेत कुठल्याच कागदावर सही करायची नाही. दाखल्याचा अर्ज पालकांचा असला की 'आम्ही काढलं नाही, त्यांनीच नेलं' म्हणायला शाळा मोकळी होते. गरोदर मुलीला शाळेतून काढावं, असं कुठलाही कायदा सांगत नाही. मुलांना शाळेतून काढायला मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आठवीपर्यंतच लागू आहे, हे खरं. पण राज्यघटनेची कलमं १४ (समानता) आणि २१ (जीवन आणि व्यक्तिस्वातंत्र्य) तिच्यासाठीही आहेत.

आता पोलिसांचं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलीची संमती मानत नाही आणि २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लग्नाची सबबही चालत नाही. माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ने बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांची ही जबाबदारी दाखला देऊन संपत नाही, आणि दवाखान्यालाही कळवावंच लागतं. म्हणजे शाळा सोडून गुन्हा टळणार नाही, तिचं वर्ष मात्र जाईल. नवऱ्यावर आणि लग्न लावणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे तुमच्यापासून लपवणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा वकील बघा. मुलीची ओळख उघड करायला मात्र कायद्याने बंदी आहे. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं, तर तिथे शाळा चालू ठेवण्याची मागणी सगळ्यात आधी मांडा.

मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या : दहावीचा फॉर्म नियमित विद्यार्थिनी म्हणूनच भरावा, गैरहजेरीसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र स्वीकारावं, परीक्षेला तळमजल्यावर बसवण्यासाठी मंडळाकडे शिफारस करावी. एक प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना. तुमच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. नाहीच घेतला अर्ज, तर स्पीड पोस्टाने पाठवा.

बाळंतपण ऐन परीक्षेत आलं, तरी फॉर्म भरलेला असला की पुरवणी परीक्षा याच शाळेतून देता येईल. दाखला नेलात तर १७ नंबरच्या फॉर्मच्या, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याच्या अर्जाच्या, मागे धावावं लागेल. तोही न जमल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आहे, पण तो शेवटचा पर्याय. शाळेने तो पहिला म्हणून पुढे केला तर ऐकू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. भाचीचं स्वतःचं काय म्हणणं आहे? तिला एकटीला बसवून विचारा. शिकायचं असेल तर अर्जावर आईबरोबर तिचीही सही घ्या.