मुलगा हवा की मुलगी, ही आईवडिलांची आवड काळानुसार बदलते का?

बदलते, पण सगळीकडे सारखी नाही. आमच्या घरचंच सांगते.

आम्ही कराडकडचे. आजीला ओळीने चार मुली झाल्या, चौथीचं नाव ठेवलं नकुसा. पाचवे माझे बाबा. तेव्हा मुलगा होईस्तोवर वाट बघायची पद्धत होती. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २८०च्या वर 'नकोशीं'ची नावं समारंभाने बदलली. आत्या तोवर साठीला आलेली, तिचं कोण बदलणार!

माझ्या वेळेपर्यंत घरं लहान झाली आणि सोनोग्राफी आली. मला वाटतं मुलाची हाव वाढली नव्हती, वाट बघायची तयारी संपली होती. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, तेही १९८८ साली. तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ला ९४६ होत्या, २००१ला ९१३, २०११ला ८९४. शिकलीसवरलेली पिढी, आणि आकडा खाली.

मी दुसरी मुलगी. आई सांगते, बाबा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. पेढे राहू देत, जिलेबीसुद्धा आणली नाही. पुढे भाऊ झाला तेव्हा गल्लीभर पेढे. तेच बाबा आता रोज संध्याकाळी सातला मला फोन करतात, "बीपीची गोळी जेवणाआधी का नंतर?" भाऊ शेजारच्याच खोलीत असतो. चारचौघांत म्हणतात, "पोरीच बऱ्या." ऐकायला गोड वाटतं, पण त्यात म्हातारपणाचा हिशेब आहे हेही कळतं. पूर्वी तो मुलाच्या नावावर मांडलेला होता, एवढंच.

आणि जमीन? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. गेल्या वर्षी याच बाबांनी आम्हा दोघींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. भावाने साड्या आणल्या होत्या, पिशवीत बिल तसंच. ताईने सही केली नाही. बाबा दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मी केली. माहेर तुटेल अशी भीती वाटली, दुसरं काय.