पाऊस नसताना तंबू आतून ओला का होतो?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे आणि आमची दोन मुले चोरल नदीच्या काठी एक रात्र तंबूत राहिलो. थंडी आत येऊ नये म्हणून सगळ्या चेन घट्ट लावल्या होत्या, तरी पहाटे छत आतून ओले झाले होते आणि दोन-दोन ब्लँकेटे पांघरूनही मुले कुडकुडत होती. तंबू खराब निघाला का? यंदा आत शेगडी ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी शेगडीचे सांगतो, कारण प्रश्न जिवाचा आहे. शेगडी तंबूत मुळीच नेऊ नका, विझत आलेले निखारेसुद्धा नकोत. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो बेशुद्ध होऊ शकतो.

तुमचा तंबू बहुधा चांगलाच आहे. चौघांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज बाहेर पडते आणि बाहेर जायला वाट नसली, की ती वाफ गार कापडावर दवासारखी साचते. म्हणून थंडी असली तरी वरचे झरोके आणि समोरासमोरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, ओले मोजे किंवा टॉवेल आत वाळत घालू नयेत आणि पहाटे छत पुसायला एक सुती पंचा हाताशी ठेवावा.

मुलांना थंडी वाजली ती मात्र मुख्यतः खालून. अंगाच्या भाराने ब्लँकेट दबते, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन शरीराची ऊब ओढून घेते. म्हणून दोन ब्लँकेटे असतील, तर एक अंगाखालीच घालावे. माळव्यात जानेवारीच्या रात्री पारा अनेकदा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा तर सतरंजीखाली फोमची जाड चटई हवीच. ती नसेल, तर तंबूच्या तळाखाली वाळलेल्या पेंढ्याचा चांगला वीतभर थर पसरावा. मी स्वतः महूजवळच्या एका शेतात असा झोपलो आहे. पेंढा रात्रभर कुरकुरत होता, पण पाठीला गारवा लागला नाही. झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून मुलांना कोरडे कपडे व कानटोपी घालावी आणि गरम पाण्याची, घट्ट झाकणाची बाटली टॉवेलात गुंडाळून पायाशी द्यावी.

जागेचीही चूक झाली. गार हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून ओघळून नदीकाठच्या खोलगट भागात साचते, म्हणून तंबू काठापासून दूर, थोड्या उंचवट्यावर ठोकावा. पावसाळ्यात तर पात्राच्या आसपास मुक्काम नकोच, कारण 2011 साली पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि माणसे वाहून गेली, हे आपण इंदूरकर विसरू शकत नाही.

घरी परतल्यावर तंबू लगेच घडी करून ठेवू नका, गच्चीवर सावलीत पूर्ण वाळू द्या; ओलसर घडीला बुरशी धरते आणि मग तो वास जाता जात नाही.