समुद्री अर्चिनला ‘वास येतो’ की ‘चव लागते’?

समुद्री अर्चिन म्हणजे समुद्रात राहणारा, काट्यांनी वेढलेला गोल प्राणी. फोंड्याच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, प्रदर्शनाच्या फलकावर त्यांनी ‘समुद्री अर्चिनला अन्नाचा वास येतो’ असे लिहिले, तेव्हा सहकाऱ्यांनी हरकत घेतली: ज्याला नाकच नाही त्याला वास कसा येणार? मग ‘चव लागते’ असे लिहावे, की ‘रासायनिक संवेदन होते’ असा पारिभाषिक प्रयोग करावा?

वाक्य बदलायला हवे हे खरे, पण ते नाकाच्या कारणाने नव्हे. आपल्याकडच्या क्रियापदांपैकी नाकाशी पक्के जखडलेले आहे ते ‘हुंगणे’. कुत्रा खांब हुंगतो तेव्हा तो नाक जवळ नेतो आणि श्वास ओढतो. ‘वास घेणे’ यातही ओढून घेण्याची कृती आहे. ‘वास येणे’ यात मात्र ती नाही. ‘मला वास येतो’ असे म्हणताना मी काहीच करत नसतो. वास आपण होऊन येतो आणि मी चतुर्थी विभक्तीत स्वस्थ बसलेला असतो.

अर्चिनची स्थिती नेमकी हीच आहे. त्याला नाक नाही आणि मेंदूही नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे आणि त्यातून निघणाऱ्या पाच शाखा, एवढ्यावर त्याचा कारभार चालतो. समुद्रशैवलातून सुटलेले, पाण्यात विरघळलेले रेणू प्रवाह त्याच्यापर्यंत आणून सोडतो. ते ओळखण्याचे काम काट्यांच्या मधून बाहेर येणारे नलिकापाद, म्हणजे टोकाला चूषक असलेल्या मऊ नळ्या, आणि काट्यांच्या आसपास असलेले सूक्ष्म चिमटे करतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील जांभळ्या अर्चिनचा जनुकसंच 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे 23,000 जनुकांमध्ये असे रेणू ओळखणाऱ्या संवेदनग्राहींची वाटावीत अशी शेकडो जनुके निघाली आणि त्यांतील काही नलिकापादांत व चिमट्यांत कार्यरत असल्याचे दिसले. ज्या प्राण्याला आपण काटेरी गोळा समजतो, तो चालतो त्याच पायांनी पाणी पारखतो.

ओहोटीच्या वेळी हणजूणच्या खडकांतील एका डबक्यात हे मी स्वतः पाहिले आहे. अर्चिनपासून वीतभर अंतरावर शैवलाचा एक तुरा दगडाखाली दाबून ठेवला होता. बराच वेळ काही घडले नाही. मग तुऱ्याच्या बाजूचे नलिकापाद दोऱ्यासारखे लांब झाले, काट्यांच्याही पलीकडे गेले आणि पाण्यात चाचपडू लागले. इतर बाजूंचे तसेच आखडलेले होते. एका डबक्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, म्हणून संशोधक इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची टाकी वापरतात: एका फाट्यातून अन्नावरून वाहत आलेले पाणी सोडायचे, दुसऱ्यातून साधे, आणि प्राणी कोणत्या फाट्यात वळतो ते पाहायचे.

आता मूळ वाक्यातील खरा दोष. मराठीत ‘माशाला वास येतो’ याचा अर्थ मासा नासला आहे. मडगावच्या बाजारात हे वाक्य उच्चारून पाहावे. मासळी विकणारी बाई माशाच्या संवेदनक्षमतेचे कौतुक झाले असे खचितच समजणार नाही. ‘अर्चिनला वास येतो’ हे वाक्य त्याच वळणाने वाचले जाण्याचा धोका आहे, आणि ‘अन्नाचा’ हा शब्द मध्ये घातल्याने तो कमी झाला तरी पुरता जात नाही. वासाच्या शब्दांना ही उतरण जणू लागलेलीच असते: संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे हुंगणे किंवा नाक, आणि त्यातूनच आलेली आपली ‘घाण’ कुठे जाऊन पोहोचली ते सर्वांना ठाऊक आहे.

यावर ‘वास लागणे’ हा प्रयोग मला सर्वांत योग्य वाटतो. मांजराला दुधाचा वास लागतो, तसा अर्चिनला शैवलाचा. येथे संदिग्धता उरत नाही आणि त्या वासामागे जाणेही त्यात सूचित होते. ‘सुगावा लागणे’ जवळचे आहे, पण त्याला पोलीस तपासाचा रंग आहे. ‘चाहूल’ तर कानाची.

‘चव’ हा पर्याय मी टाकून देणार नाही, कारण पाण्याखाली गंध आणि रस यांची सीमा पुसट होते. दोन्ही विरघळूनच येतात. न्याय आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांच्या तत्त्वज्ञांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि पाण्याला रस दिला, गंध दिला नाही. पाण्याला वास आलाच तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव द्रव्याचा. अर्चिनच्या बाबतीत ही जुनी वाटणी गमतीदार रीतीने उपयोगी पडते. दुरून पोहोचतो तो शैवलाचा, म्हणजे वाहून आलेल्या द्रव्याचा वास. अन्नाला प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर, खालच्या बाजूच्या तोंडाभोवतीचे नलिकापाद ते तपासतात आणि पाच दातांनी कुरतडायला सुरुवात होते, तेथे ‘चव घेणे’ शोभते. काही शैवलांतील तुरट द्रव्ये खाणाऱ्याला परतवून लावतात, हा भागही चवीचाच म्हणावा लागेल.

‘रासायनिक संवेदन’ हे या दोन्हींचे सामाईक नाव आहे. ते शीर्षकात ठेवावे. वाक्यात घातले की सातवीतला मुलगा पुढच्या फलकाकडे वळेल. मजकूर मी असा सुचवीन: ‘समुद्री अर्चिनला नाक नसते. प्रवाहातून आलेला शैवलाचा वास त्याच्या नलिकापादांना लागतो, त्याचा माग काढत तो सावकाश सरकतो आणि अन्नापाशी पोहोचल्यावर चव पाहून मगच ते कुरतडतो.’