जीवनसत्त्व, ताकद आणि दुसरा त

प्रश्न असा आहे: ‘जीवनसत्त्व हा शब्द मला खटकतो. सत्त्व म्हणजे सार, अर्क. तो पोटात गेला की अंगात ताकद येणार, असंच त्यातून वाटतं. मग दवाखान्यात जाऊन “ताकदीच्या गोळ्या द्या” म्हणणाऱ्याचं काय चुकलं? पेशीच्या आत ही जीवनसत्त्वं नेमकं काय करतात आणि त्या कामाला हा शब्द शोभतो का? शिवाय सत्त्व की सत्व?’

शेवटचं आधी, कारण ते चटकन उरकतं. सत् + त्व = सत्त्व. पहिला त ‘सत्’चा, दुसरा ‘त्व’चा. तत्त्व, महत्त्व, व्यक्तिमत्त्व हेही याच घरातले. स्वत्व, कवित्व, नेतृत्व यांच्या मूळ शब्दाच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे एकच त. उच्चारावरून कळायची सोय नाही. ‘कवित्व’ म्हणतानाही आपण तो त दाबूनच म्हणतो. जुन्या पोथ्यांत ‘सत्व’ सापडतं हे खरं, पण आजच्या प्रमाणलेखनात दोन त.

आता सत्त्वाचा अर्थ. तुम्ही धरलेला ‘अर्क’ हा अर्थ आहेच: गुळवेल सत्त्व, नाचणीचं सत्त्व. पण सत्त्वपरीक्षेत अर्काची परीक्षा नसते, आणि बोधिसत्त्व हा कशाचा अर्क नव्हे. ‘असलेपण’, म्हणजे ज्याच्या जोरावर एखादी गोष्ट ती गोष्ट म्हणून टिकते ते, हा शब्दाचा गाभा. ‘निःसत्त्व’ म्हणताना आपल्या मनात तोच अर्थ असतो.

गंमत म्हणजे स्वयंपाकघरातलं सत्त्व आणि हे सत्त्व यांचं फारसं जमत नाही. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, पाणी निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तळाचा साका वाळवायचा. हा साका मुख्यतः पिष्ट (स्टार्च) असतो. ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, त्यामुळे त्यांतली बरीचशी ओतलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. बाळाला पचायला सत्त्व उत्तम, पण जीवनसत्त्व हवं असेल तर भाकरी बरी.

मूळ शब्दाची गोष्टही अशीच वाकडी आहे. १९१२ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या कासिमिर फुंक या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने ‘व्हिटामाइन’ हा शब्द काढला. व्हिटा म्हणजे जीवन, आणि अमाइन म्हणजे नत्र असलेल्या संयुगांचा एक वर्ग. असे सगळे पदार्थ अमाइन असणार, हा त्याचा अंदाज. पुढे तसं नाही असं दिसल्यावर १९२० मध्ये इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञ जॅक ड्रमंड यांनी शब्दाच्या शेवटचा ‘ई’ छाटायला सुचवलं, म्हणजे रसायनशास्त्राशी भांडण नको. मराठी शब्दाला ही छाटाछाट करावी लागली नाही. आपण ‘जीवन’ घेतलं आणि अमाइनच्या जागी ‘सत्त्व’ बसवलं, जे कोणत्याच रासायनिक वर्गाचं नाव नाही. कन्नडातही जीवसत्व आहे, मल्याळममध्ये जीवकम. हिंदी मात्र विटामिनवरच थांबली.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा पेशीत काय होतं हा. त्यासाठी एकच जीवनसत्त्व नीट बघू: ब१, थायामिन. याच्याच अभावाने बेरीबेरी हा मज्जातंतू आणि हृदय दुबळं करणारा रोग होतो. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी पाहिलं की सडलेल्या (म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या) तांदळाचा पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. (कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. साळ भिजवून उकडताना कोंड्यातलं थायामिन दाण्याच्या आत शिरतं, मग तांदूळ सडला तरी बरंचसं शिल्लक राहतं. आंध्रच्या किनाऱ्यावर न उकडलेला, गिरणीतला पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होता तो याच कारणाने.)

या रेणूत दोन वलयं आहेत. त्यांतल्या एका वलयात गंधकाचा एक अणू, नत्राचा एक अणू आणि या दोघांच्या मधोमध कार्बनचा एक अणू. सगळं नाट्य या एका कार्बनवर घडतं. शेजारच्या नत्रावर धन विद्युत्भार असल्यामुळे या कार्बनवरचा हायड्रोजन सैल बसलेला असतो. तो सहज निघून जातो आणि कार्बनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी उरते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी थायामिन जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असतो) विरघळवून दाखवलं की नेमका हाच हायड्रोजन काही मिनिटांत बदलून जातो. ते साल १९५८ च्या आसपासचं.

आपण खाल्लेल्या भाताचं ग्लुकोज होतं आणि ग्लुकोजचे तुकडे होऊन पायरुव्हेट बनतं, म्हणजे तीन कार्बनचा लहानसा रेणू. इथवर पेशीला ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीचं ऊर्जेचं चलन) जेमतेम दोन रेणू निव्वळ मिळतात. खरी कमाई पुढे तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात), तीसच्या आसपास. पण तिथे शिरताना पायरुव्हेटमधला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून तोडावा लागतो, आणि तो बंध आपसूक तुटत नाही. थायामिनचा तो मोकळी जोडीवाला कार्बन पायरुव्हेटला चिकटतो, धन भाराचा नत्र इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, बंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो. उरलेला दोन कार्बनचा तुकडा पुढच्या रेणूच्या हाती जातो आणि थायामिन होतं तसं मोकळं. लगेच पुढचं पायरुव्हेट. अडकित्ता जसा सुपारी कातरून स्वतः शाबूत राहतो तसं. फक्त इथे अडकित्त्याची मूठ म्हणजे विकर (एंझाइम) हे मोठं प्रथिन, आणि पातं म्हणजे थायामिन. मूठ शरीर स्वतः घडवतं, पातं आहारातून यावं लागतं.

गरज इतकी थोडी का, याचं उत्तर यातच आहे. कर्बोदकं आपण दिवसाला शेकडो ग्रॅम खातो, थायामिन लागतं मोठ्या माणसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. कारण ते जळत नाही, जळणाऱ्याला हात लावून बाजूला होतं.

आणि याच एका पायरीवर ब२, ब३ आणि ब५ हेही हजर असतात. तो दोन कार्बनचा तुकडा ज्याच्यावर चढवायचा तो सहविकर-अ (कोएंझाइम-ए) ब५पासून बनतो, सुटलेले इलेक्ट्रॉन उचलतात ते एफएडी आणि एनएडी ब२ आणि ब३पासून. पाचवा मदतनीस लायपोइक आम्ल शरीर स्वतः करतं. औषधाच्या दुकानात ‘बी-कॉम्प्लेक्स’ एकत्र का मिळतं याचं यापेक्षा चांगलं रासायनिक समर्थन मला ठाऊक नाही.

तेव्हा ‘ताकदीच्या गोळ्या’ कितपत बरोबर? ताकद म्हणजे ऊर्जा असेल तर अजिबात नाही; एक ग्रॅम साखरेतून चार कॅलरी मिळतात, ब१च्या गोळीतून नाव घेण्यासारखं काही नाही. पण ज्याच्या पेशींत पायरुव्हेट दाराशी तुंबलंय, त्याला ती गोळी दिली की खाल्लेल्या भाताची ताकद अंगी लागते. कमतरता असलेल्यापुरता हा शब्दप्रयोग खरा. बाकीच्यांच्या गोळीतलं जास्तीचं बहुतेक लघवीतून जातं, आणि ते दिसतंही: बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेव्हिनमुळे. त्या नावातला ‘फ्लेव्हिन’ लॅटिनमधल्या पिवळ्यावरूनच आला आहे.

‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून प्रसिद्ध असलेलं लाल इंजेक्शन म्हणजे ब१२. लाल रंग कोबाल्टचा अणू मध्ये धरून बसलेल्या वलयाचा, रक्ताशी त्याचा संबंध नाही. हा अवाढव्य रेणू माणसाच्या शरीरात अवघ्या दोन विकरांना लागतो. त्यातलं एक फॉलिक आम्लाशी जोडलेलं आहे, आणि फॉलिक आम्लाची गोष्ट मुंबईची आहे, म्हणून जरा थांबू.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत एक भयंकर पांडुरोग (ॲनिमिया) दिसत होता: रक्तपेशी थोड्या, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. हाफकिन संस्थेत राहून तिने या बायकांचा आहार तपासला आणि यीस्टचा अर्क देऊन पाहिला. तो स्वस्त होता, आणि रक्त सुधारलं. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. अर्कात काय होतं ते तेव्हा कळलेलं नव्हतं, त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळं केलं गेलं आणि लॅटिनमधल्या पानावरून त्याचं बारसं झालं.

पेशी मोठ्या का झाल्या? डीएनएतल्या चार अक्षरांपैकी थायमिन हे अक्षर (वरच्या थायामिनशी याचा काही संबंध नाही, नावं मात्र घात करतात) पेशी युरॅसिलपासून बनवते. दोघांत फरक फक्त एका कार्बनच्या गटाचा. तो एकुलता एक कार्बन उचलून आणण्याचं काम फोलेटचं, म्हणजे फॉलिक आम्लाच्या शरीरातल्या रूपांचं. अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे डीएनएची नक्कल सतत चालू. फोलेट नसेल तर थायमिन कमी पडतं, नक्कल रखडते, पेशीला विभागता येत नाही. पण तिचं बाकीचं शरीर वाढतच राहतं. सूक्ष्मदर्शकात दिसते ती थोराड, अर्धवट पेशी. ब१२ नसेल तरी हेच चित्र, कारण फोलेटचा मोठा वाटा एका रूपात अडकून पडतो आणि त्याला सोडवणारं विकर ब१२वर चालतं. म्हणूनच पांडुरोग दिसला की नुसतं फॉलिक आम्ल घेत राहणं धोक्याचं: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि ब१२अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो, पण इथे ‘जीवनसत्त्व’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळी मंडळी कोंबली आहेत ते दिसतं. क जीवनसत्त्व कोलॅजेनवर काम करतं. कोलॅजेन म्हणजे त्वचा, हिरड्या बांधून ठेवणारं प्रथिन, तीन साखळ्यांचा पीळ, आणि तो घट्ट राहायला साखळ्यांवरच्या प्रोलीन या अमिनो आम्लाला जागोजाग ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट लागतो. तो लावणाऱ्या विकरात लोहाचा अणू असतो. लोह चुकीच्या अवस्थेत अडकलं की क त्याला इलेक्ट्रॉन देऊन पूर्ववत करतं. इथे मात्र क स्वतः खर्ची पडतं. ते नसेल तर शरीराच्या तापमानालाच पीळ उलगडतो, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. ई पेशीपटलातल्या मेदाला खराब होऊ देत नाही, यापलीकडे त्याच्याबद्दल बोललं जातं त्यातलं बरंचसं जाहिरातीतलं.

अ आणि ड यांची जातच निराळी. अ जीवनसत्त्वाचं एक रूप डोळ्यातल्या ऑप्सिन प्रथिनात वाकून बसलेलं असतं. प्रकाश पडला की ते सरळ होतं आणि तो धक्का मेंदूपर्यंत जातो. रातांधळेपणा येतो तो हे वाकलेले रेणू कमी पडल्यामुळे. दुसरं रूप, रेटिनॉइक आम्ल, थेट केंद्रकात जाऊन ग्राही प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन डीएनएवर बसून कोणतं जनुक चालू, कोणतं बंद ते ठरवतं. ड हेच करतं. शिवाय ते बनतं त्वचेत उन्हाने, सुधारतं यकृतात, पुरं होतं मूत्रपिंडात आणि काम करतं आतड्यात, कॅल्शियम शोषून घेणारी प्रथिनं वाढवून. एका जागी बनून दुसऱ्या जागी हुकूम गाजवणाऱ्याला मराठीत संप्रेरक म्हणतात. तेव्हा ड हे जीवनसत्त्व म्हणवून घेतं ते सवयीने; माझं मत विचाराल तर त्याला संप्रेरकच म्हणावं, पण मुडदूस झालेल्या पोराच्या आईला ते सांगायला जाऊ नये.

परिभाषेबद्दल एक सूचना. एंझाइमसाठी वितंचक, विकर आणि एंझाइम असे तिन्ही शब्द मराठीत चालतात. विकर छोटा आहे, ‘सहविकर’ही त्यातून सहज बनतो, म्हणून मी तो वापरतो. पण त्यात एक काना जास्तीचा पडला की ‘विकार’ होतो आणि वाक्याचा अर्थ उलटतो. रुग्णांसाठी लिहीत असाल तर सरळ एंझाइम लिहा.

अक्षरांचा घोळ त्याहून वाईट. आपण भूमितीतल्या अ, ब, क, ड या क्रमाने चाललो, म्हणून इंग्रजी सी म्हणजे आपला क. पुढे क्रम सोडून उच्चार धरला आणि ई, के झाले. के हे अक्षर डॅनिश हेन्रिक डाम यांनी रक्त गोठण्याच्या ‘कोआगुलेशन’वरून दिलं. हे जीवनसत्त्व गोठण्याच्या प्रथिनांवर एक जास्तीचा आम्लगट चढवून त्यांना कॅल्शियम धरता येईल असं करतं, आणि वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध नेमकं तेच काम रोखतं. वॉरफरिन घेणाऱ्याला आहारातलं के अचानक कमीजास्त करू नका असं सांगितलेलं असतं. सूचनेत ‘के’वरची मात्रा पुसट छापली आणि ‘क’ वाचलं गेलं तर तो लिंबू-आवळा सोडेल आणि पालक-मेथी हवी तशी खात राहील. अशा ठिकाणी ‘जीवनसत्त्व के’ लिहून पुढे ‘हिरव्या पालेभाज्यांतलं’ हे दोन शब्द जोडावेत.